बापाची उधारी, मुलाच्या नावे

‘सीरियस मेन’ या चित्रपटाच्या निमित्ताने महत्त्वाकांक्षी पालकत्वाचा ताळेबंद

एक शाळकरी मुलगा व्यासपीठावर उभा आहे. विज्ञानातील अवघड संज्ञा तो सहज उच्चारतो, मोठमोठ्या संख्यांची उत्तरे क्षणात देतो आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. त्याच्या कानात श्रवणयंत्र आहे. श्रोत्यांना वाटते, मुलाला ऐकू कमी येते, तरीही बुद्धी किती तीव्र! वस्तुतः त्या यंत्रातून त्याला इतर सर्वांपेक्षा अधिक ऐकू येत असते. थोड्या अंतरावर उभा असलेला त्याचा बाप प्रत्येक उत्तर त्याच्या कानात सांगत असतो आणि मुलगा ते जसेच्या तसे जगाला ऐकवीत असतो.

सुधीर मिश्रा यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सीरियस मेन’ या हिंदी चित्रपटाचा हा गाभा. २ ऑक्टोबर २०२० रोजी तो नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. टाळेबंदीमुळे देशभरातील चित्रपटगृहे बंद होती आणि घराघरांतील मुले मोबाइलच्या पडद्यासमोर बसून शाळा शिकत होती, असा तो काळ. चित्रपटाची कथा मनू जोसेफ यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली आहे. बापाची भूमिका नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी केली असून तिच्यासाठी २०२१ च्या आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या विभागात त्यांना नामांकन मिळाले होते.

चित्रपटाला चार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड अशा गावांतील व्यापारी कुटुंबांनी तो एकदा अवश्य पाहावा असे सुचविण्याचे कारण आहे. त्यातील बाप मुंबईच्या चाळीतला असला, तरी त्याच्या मनातील हिशेब आपल्याकडील अनेक सुखवस्तू घरांतही मांडला जातो.

चार पिढ्यांचा हिशेब

चित्रपटाचा नायक अय्यन मणी हा दलित समाजातील, मूळचा तमिळ. वरळीच्या बीडीडी चाळीत तो पत्नी आणि मुलासह राहतो. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास विभागाने बांधल्या. त्यांतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. मध्यम दुकानाची मागची कोठीसुद्धा याहून मोठी असते. अय्यन एका विज्ञानसंशोधन संस्थेत अरविंद आचार्य या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाचा साहाय्यक आहे. फोन घेणे, चहा सांगणे, कागद पोहोचविणे ही त्याची कामे. ज्या संस्थेत विश्वाच्या उत्पत्तीची चर्चा चालते, तेथे त्याच्याशी मात्र कोणी माणूस म्हणून बोलत नाही. नासर यांनी साकारलेला हा शास्त्रज्ञ आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शोधाने झपाटलेला आहे, आणि पुढे त्याच्या संशोधनाविषयीही प्रश्न उभे राहतात. खोटेपणा केवळ चाळीत राहत नाही, हे चित्रपट येथे शांतपणे नोंदवितो.

अय्यनचा स्वतःचा एक सिद्धांत आहे. मोबाइलच्या पिढ्या असतात तशाच कुटुंबाच्याही असतात, असे तो मानतो. पहिली पिढी निरक्षर, राबराब राबलेली. दुसरी पिढी शिकली, पण पोटासाठीच धावत राहिली. तिसऱ्या पिढीने वर चढायचे. मग चौथ्या पिढीला काहीही करावे लागणार नाही, ती निवांत जगेल. अय्यन स्वतः दुसऱ्या पिढीचा. सामान्य गतीने चढायचे तर आयुष्य संपेल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून मुलाला एका नामवंत इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी आणि पुढे त्याला वलयांकित करण्यासाठी तो एक युक्ती योजतो. मुलगा, आदी, असामान्य प्रतिभेचा आहे असे तो भासवितो. कानातील यंत्र हे त्या युक्तीचे साधन. एखादा प्रश्न बापाच्याही आवाक्याबाहेरचा आला, तर समोरच्याला तुच्छतेने झिडकारून विषय टाळायचा, हेही मुलाला शिकविलेले आहे. लोकांना तो उद्धटपणाही प्रतिभेचेच लक्षण वाटतो.

पिढ्यांचा हा हिशेब व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. पणजोबा केवळ लोटा-डोरी घेऊन या कापसाच्या मुलखात आले, आजोबांनी गावोगाव फिरून उधारीचा धंदा उभा केला, वडिलांनी अडत, जिनिंग किंवा कापडाचे दुकान नावारूपास आणले, ही कथा अनेक घरांत लग्नकार्याच्या वेळी अभिमानाने सांगितली जाते. त्या कथेच्या शेवटी एक वाक्य न बोलता जोडलेले असते: आता पुढचे तुझ्याकडे. ते ऐकणारा मुलगा कधी चौदा वर्षांचा असतो, कधी सोळा. तीन पिढ्यांचे ऋण आपल्या खात्यावर केव्हा चढले, हे त्याला कळतही नाही.

अय्यन आणि आपल्याकडील पालक यांत एक मोठे अंतर मात्र आहे. अय्यनला खरोखर नाकारले गेले आहे. त्याच्या खोटेपणामागे पिढ्यानपिढ्यांचा अपमान आहे. म्हणूनच प्रेक्षक त्याला दोष देता देता थबकतो. ज्याच्या घरी गोदाम आहे, गाडी आहे, मुलाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र आहे, त्याला ही सबब उपलब्ध नाही. अय्यन अभावापोटी जे करतो, ते आपल्याकडे कित्येकदा केवळ तुलनेपोटी होते.

हसू कोठे थांबते

ज्याला इंग्रजीत ब्लॅक कॉमेडी म्हणतात, त्या काळ्या विनोदाचा हा चित्रपट आहे. या प्रकारात विषय दुःखद असतो, पण मांडणी हसविणारी. पाहणारा हसतो, आणि काही वेळाने आपण कशाला हसलो याचे त्याला अवघडलेपण येते. ‘सीरियस मेन’ पाहताना पहिला तासभर हसू येते ते बापाच्या चातुर्यामुळे. मोठ्या शाळेचे व्यवस्थापन फसते, पत्रकार फसतात, शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडतात, आणि चाळीचा पुनर्विकास साधू पाहणारे राजकीय नेते या ‘बालशास्त्रज्ञा’ला आपल्या प्रचारासाठी उचलून धरतात. दुर्बळाने बलवंतांना चकविले, याचा एक निरागस आनंदही त्यात असतो.

त्यानंतर कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर रेंगाळू लागतो. आदीला खेळायचे असते, मैत्री करायची असते, कोणाला तरी खरे सांगायचे असते. व्यासपीठे मोठी होत जातात तसा कानातील आवाज त्याला झोपेतही सोडत नाही. बाप बोलायचा थांबला, तरी मुलाच्या आत ते बोलणे चालूच राहते. अक्षत दास या बालकलाकाराने ही अवस्था अतिशय संयमाने दाखविली आहे. येथे हसू थांबते. शेवट सांगून पाहणाऱ्याचा रस घालविणे उचित नाही. एवढेच म्हणता येईल की, बापाला मुलाचा स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

महत्त्वाकांक्षी पालक हा काळ्या विनोदाचा जगभरचा विषय आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९९१ साली एका आईवर खटला चालला. शाळेच्या चीअरलीडर पथकात, म्हणजे सामन्यांच्या वेळी संघाला प्रोत्साहन देणाऱ्या मुलींच्या चमूत, आपल्या मुलीची निवड व्हावी यासाठी तिने प्रतिस्पर्धी मुलीच्या आईच्या हत्येचा कट रचला होता. आई गेल्याच्या दुःखात ती मुलगी स्पर्धेतून आपोआप बाहेर पडेल, असा तिचा हिशेब होता. सुदैवाने कट वेळीच उघडकीस आला. १९९३ साली या प्रकरणावर एचबीओ वाहिनीने काढलेला चित्रपट विनोदी होता, कारण वस्तुस्थितीच इतकी विपरीत होती की ती गंभीरपणे सांगणे कठीण जावे. त्यातील आईच्या भूमिकेसाठी होली हंटर या अभिनेत्रीला एमी पुरस्कार मिळाला.

बेल्जियममध्ये २००० साली आलेल्या ‘एव्हरीबडीज फेमस’ या चित्रपटात नोकरी गमावलेला एक कामगार आपल्या मुलीला गायिका म्हणून प्रसिद्धी मिळावी यासाठी एका लोकप्रिय गायिकेचेच अपहरण करतो. हा चित्रपट ऑस्करच्या परकीय भाषा विभागात नामांकनापर्यंत पोहोचला. २०१८ साली त्यावरून हिंदीत ‘फन्ने खान’ आला. अनिल कपूर यांनी त्यात मुलीच्या गाण्यासाठी वेडा झालेला बाप रंगविला.

मराठीत हा विषय विनोदापेक्षा करुणेच्या अंगाने अधिक आला. महेश मांजरेकर यांचा ‘शिक्षणाच्या आईचा घो’ हा चित्रपट जानेवारी २०१० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या नावावरून तेव्हा वादही झाला होता. भरत जाधव यांनी साकारलेले मधुकर राणे हे दोन मुलांना एकट्याने वाढविणारे साधे नोकरदार गृहस्थ. मुलगा श्री क्रिकेटमध्ये तरबेज, अभ्यासात मागे. बापाच्या दृष्टीने गुणपत्रिकेत जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही. एके दिवशी रागाच्या भरात बापाचा हात उठतो आणि मुलगा बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचतो. या कथेवरून पुढे प्रकाश राज यांनी तमिळमध्ये ‘धोनी’ हा चित्रपट केला. मधुकर राणे यांचा हात दिसतो, त्यामुळे त्याची चूक सर्वांना कळते. अय्यन मात्र मुलावर हात उगारत नाही. तो त्याला जवळ घेतो, लाड करतो, आणि लाड करता करता त्याच्या कानात स्वतःचा आवाज बसवितो. सुशिक्षित, सभ्य घरांनी अधिक सावध राहावे ते या दुसऱ्या प्रकाराबाबत.

पडद्याबाहेरचे यंत्र

कानातून उत्तरे सांगण्याची कल्पना कोणाला अतिशयोक्त वाटली, तर आपल्या देशातील अलीकडचा इतिहास आठवावा.

३ मे २०१५ रोजी वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर ‘एआयपीएमटी’ ही परीक्षा झाली. सहा लाखांहून अधिक विद्यार्थी तीस बसले होते. त्यानंतर हरियाणा पोलिसांच्या तपासात असे आढळले की, काही उमेदवारांनी सिमकार्ड आणि ब्लूटूथ यंत्रे शिवलेली बनियने घातली होती आणि कानातील अतिसूक्ष्म यंत्रांतून त्यांना उत्तरे सांगितली जात होती. त्यासाठी लाखो रुपयांचे व्यवहार झाले होते. शाळकरी वयाच्या मुलांजवळ एवढी रक्कम असत नाही. ती कोणत्या खिशातून आली असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १५ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द केली आणि २५ जुलै रोजी ती पुन्हा घेण्यात आली. मूठभर घरांच्या घाईची किंमत लाखो प्रामाणिक मुलांनी दुसऱ्यांदा परीक्षा देऊन चुकती केली. आजही ‘नीट’ परीक्षेला जाणाऱ्या मुलामुलींना अर्ध्या बाह्यांचे कपडे आणि साध्या चपला घालून जावे लागते.

पुढे २६ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे ‘सीरियस मेन’ प्रदर्शित झाल्यानंतर वर्षभरात, राजस्थानातील शिक्षक पात्रता परीक्षेत ब्लूटूथ बसविलेल्या चपला पोलिसांनी पकडल्या. एका जोडीची किंमत सहा लाख रुपये असल्याच्या बातम्या आल्या. भावी शिक्षकांची ही परीक्षा. लेखकाला असा प्रसंग सुचला असता, तर दिग्दर्शकाने कदाचित तो अविश्वसनीय म्हणून काढून टाकला असता.

त्याहूनही अंगावर काटा आणणारी घटना २००७ साली तमिळनाडूतील मणप्पारै येथे उघड झाली. डॉक्टर असलेल्या एका दांपत्याने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून एका स्त्रीची प्रसूतीची शस्त्रक्रिया करविली होती आणि तिचे चित्रीकरणही केले होते. सर्वांत कमी वयाचा शल्यचिकित्सक म्हणून मुलाचे नाव गिनेस बुकात यावे, ही इच्छा. ती चित्रफीत पित्याने डॉक्टरांच्या बैठकीत कौतुकाने दाखविली तेव्हा इतर डॉक्टर हादरले आणि प्रकरण बाहेर आले. आपण काही अनुचित केले आहे, याची शंका आली असती तर कोणी ती चित्रफीत दाखविली नसती. महत्त्वाकांक्षेने आलेले आंधळेपण हे असे असते.

ओला कापूस

यवतमाळ जिल्ह्याला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात. येथील व्यापाऱ्यास कापूस हातात घेताच ओलावा कळतो. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण दर देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात करते आणि त्याहून अधिक ओला माल परत पाठविते. पाणी मारलेला कापूस काट्यावर वजन दाखवितो, पण रेच्यापर्यंत पोहोचेतो ते वजन उडून गेलेले असते आणि वर रुईची प्रतही बिघडलेली असते. धाग्याचेही तसेच. २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबीचा धागा लांब धाग्याच्या वर्गात मोडतो आणि मध्यम धाग्याला त्याचा स्वतःचा ग्राहक असतो. मध्यम धागा ओढून लांब करण्याचा उद्योग कोणताही जाणता व्यापारी करीत नाही, कारण ओढला की तो तुटतो.

हा व्यवहार ज्यांच्या बोटांना कळतो, त्यांपैकी अनेकांना आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र तो कळेनासा होतो. १९८९ पासून यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या पालकांच्या मनात एक इच्छा उमटली तर त्यात वावगे काही नाही. परंतु आकडे पाहावेत. २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे सुमारे बावीस मुलांमागे एक जागा. उरलेल्या एकवीस मुलांत आळशी असतील, तशी मनापासून कष्ट केलेलीही असतील. काही जणांना मुळात ती वाट नकोच होती. दहावीचा निकाल लागताच नागपूर, अमरावती, नांदेड, लातूर किंवा थेट कोटा येथील शिकवणीत ज्याचे नाव घातले गेले, त्याला त्यापूर्वी कोणी विचारले होते काय, हा प्रश्न कित्येक घरांत अनुत्तरित राहतो.

व्यापारी घरांची अडचण आणखी एका बाजूने आहे. ज्या दुकानाने तीन पिढ्या पोसल्या, त्याच दुकानाविषयी ‘काही जमले नाही म्हणून दुकानात बसला’ असे बोलले जाते. मुलाला हिशेबाची, माणसे ओळखण्याची, मालाची पारख करण्याची उपजत जाण असते, पण ती गुणपत्रिकेत छापली जात नाही. याउलट, चित्रकला किंवा भूगर्भशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलीला ‘सीए’च्या वर्गात बसविले जाते, कारण त्या तीन अक्षरांना सोयरिकीच्या बाजारात भाव आहे. दोन्ही उदाहरणांत धागा ओढला जातो.

शैक्षणिक कर्जाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कर्जदार विद्यार्थी असतो आणि पालक सहकर्जदार. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांच्या वर ते द्यावे लागते. अभ्यासक्रम पूर्ण होऊन आणखी एक वर्ष होईपर्यंत परतफेडीला सवलत मिळते. करार लेखी असतो, रक्कम ठरलेली असते, मुदत ठरलेली असते, आणि विद्यार्थ्याने स्वतः सही केलेली असते. अपेक्षांचे कर्ज याच्या नेमके उलटे. उचल बापाने केलेली, किंवा बापाच्याही बापाने. रक्कम अनिश्चित, मुदत अनिश्चित. सही न करताच मुलगा मुख्य कर्जदार होतो. सवलतीचा काळ तर नसतोच, कारण व्याजाची मागणी पहिलीच्या वर्गापासून सुरू होते. बापाला डॉक्टर होता आले नाही, ती बाकी मुलाच्या नावे. शेजाऱ्याच्या मुलाला पंच्याण्णव टक्के मिळाले, तेही मुलाच्याच नावे. जमेच्या बाजूला मात्र त्याचे स्वतःचे काही लिहिले जात नाही. ज्या वहीत एका खात्याची उधारी दुसऱ्याच्या नावे टाकलेली असते, ती वही कोणताही मुनीम खरी मानणार नाही.

टाळ्यांचा वाटा

‘सीरियस मेन’ एकट्या बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही, हा त्याचा मोठा गुण. शाळेला नावलौकिक हवा होता, वाहिन्यांना बातमी हवी होती, नेत्यांना गर्दी हवी होती, चाळीला एक अभिमानस्थान हवे होते. प्रत्येकाने टाळी वाजविली, आणि कानातील यंत्राचे बटण त्या टाळ्यांनीच दाबून ठेवले. जैन आचारात कृतीचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास अनुमोदन देणे. तिन्हींची जबाबदारी सारखीच सांगितली आहे. मुलाने खोटे उत्तर दिले, बापाने देवविले आणि सभागृहाने अनुमोदिले. चित्रपटात नेमके तेच घडते.

प्रतिवर्षी निकालानंतर ठिकठिकाणी गुणवंतांचे सत्कार होतात. मंचावर शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि नंतर मासिकांत टक्केवारीसह छायाचित्रे. कष्टाचे कौतुक झालेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. पण त्याच सभागृहात मागच्या रांगेत बहात्तर टक्के मिळालेला मुलगाही बसलेला असतो. त्याची आई त्याच्याकडे एकदा पाहते आणि नजर वळविते. सत्काराच्या यादीत आजारी आजीची वर्षभर सेवा करणारी नात, घाट्यात आलेल्या काळात वडिलांच्या बरोबरीने दुकान सांभाळणारा मुलगा, नापास होऊन पुन्हा उभा राहिलेला विद्यार्थी यांना जागा दिली, तर समारंभ अर्धा तास लांबेल एवढेच. मागच्या रांगेतील त्या मुलाला मात्र ठाऊक होईल की, समाजाकडे मोजण्याचा आणखीही एक काटा आहे.

लहान मुलांनी पाठांतर करावे, मंचावर धीटपणे बोलावे, हेही उत्तमच. पण मूल मंचावर अडखळले तर आईच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते मूल आधी पाहते. त्या एका क्षणात त्याला कळते की हे पाठांतर कोणासाठी होते.

घरात काय करता येईल

या साऱ्याचा अर्थ मुलांना मोकळे सोडावे, शिस्त लावू नये, मोठी स्वप्ने दाखवू नयेत, असा कोणी काढू नये. अपेक्षेशिवाय वाढलेले मूल उपेक्षित होते. अय्यनचीही स्वप्ने चुकीची नव्हती. शिक्षणाची वाट त्याने ओळखली होती, मुलावर त्याचे प्रेम होते. त्याने केलेली चूक एवढीच, की मुलाने चढायची पायरी त्याने स्वतः चढून दाखविली आणि चढल्याचे श्रेय मुलाच्या नावावर लिहिले.

काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. दहावीनंतरची वाट ठरविण्यापूर्वी मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकावे, मध्ये न बोलता ऐकावे. शिकवणीला बाहेरगावी पाठविल्यास रोजच्या फोनवर पहिला प्रश्न चाचणीतील गुणांचा नसावा. सहा महिन्यांनी वाट चुकली असे वाटल्यास परत येण्याची मुभा आधीच देऊन ठेवावी, आणि भरलेली फी बुडाली तर ती बुडीत खाती टाकावी. व्यापारात प्रत्येक जण कधी ना कधी बुडीत रक्कम सोडून देतो, त्याने पेढी बंद पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘मला माहीत नाही’ हे उत्तर घरात सन्मानाने स्वीकारले जावे. आदीला साऱ्या चित्रपटभर जे एक वाक्य बोलण्याची परवानगी नव्हती, ते हेच.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. ‘सीरियस मेन’मध्ये शिवराळ भाषा आहे आणि काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत. त्यामुळे लहान मुलांसमवेत तो पाहण्याजोगा नाही. पती-पत्नींनी प्रथम तो पाहावा. घरात कॉलेजात जाणारी मुले असतील, तर नंतर त्यांच्याबरोबर पाहावा. ‘शिक्षणाच्या आईचा घो’ मात्र सर्वांनी मिळून पाहता येतो, त्यातील मारहाणीच्या प्रसंगासाठी लहानग्यांची तयारी करून.

चित्रपट संपल्यावर लगेच उपदेश करू नये. मुलांना एवढेच विचारावे की, आपल्या घरी असे यंत्र आहे काय, आणि असेल तर त्यातून कोणाचा आवाज येतो. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित त्या रात्री येणारही नाही. मुलगा किंवा मुलगी चार दिवसांनी, दुकान बंद करताना किंवा ताटावर बसल्यावर, सहज काहीतरी बोलून जाईल. त्या वेळी फोन बाजूला ठेवून ते ऐकावे.